टेलिफोनची तार की केबलवाल्याची?

(रेडिओवरील भाषण)



घरात इंटरनेट घ्यायचं ठरलं की पहिला सल्ला शेजारी देतो, दुसरा जावई देतो आणि तिसरा कोपऱ्यावरचा मोबाइल रिचार्जवाला. शेजारी सांगतो, टेलिफोनच्या लाइनवरचं घ्या, बंद पडत नाही. जावई म्हणतो, छे छे, ते फार हळू, केबलवाल्याचं घ्या. रिचार्जवाल्याकडे तर तिसरीच स्कीम तयार असते. गंमत अशी की तिघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. शेजाऱ्याचं घर एक्सचेंजच्या मागच्या गल्लीत असतं, जावई नव्या वसाहतीत राहतो आणि रिचार्जवाल्याला कमिशन मिळतं. जाहिरातीतला वेगाचा आकडा साऱ्या गावाला एकच असतो. तुमच्या दारापर्यंत येणारी तार मात्र तुमची असते, आणि आज मी त्या तारेबद्दलच बोलणार आहे.

सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आपल्याकडे आलं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगममार्फत. तेव्हा टेलिफोन गुंतवून ठेवूनच ते वापरावं लागे, आणि घरातलं कोणी चुकून रिसीव्हर उचलला की सगळं तुटायचं. २००४च्या ब्रॉडबँड धोरणानं २५६ किलोबिट हा किमान वेग ठरवला आणि जानेवारी २००५मध्ये बीएसएनएलचं डेटावन आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलचं ट्रायबँड सुरू झालं. हेच डीएसएल. तार जुनीच, पण फोनही चालू आणि इंटरनेटही चालू. पुढं काही स्कीममध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोजत नसत, म्हणून गजर लावून उठणारी एक अख्खी पिढी आपल्याकडे होऊन गेली. दुसरीकडे केबलवाल्याची तार टीव्हीसाठी १९९१-९२पासूनच खिडकीतून आत आलेली होती. तिच्यातूनच इंटरनेट देणं किंवा तिच्या शेजारून आणखी एक तार आत घेणं त्याला अवघड नव्हतं.

आता ही डीएसएलची तार काम कशी करते, ते रेडिओच्या श्रोत्यांना सांगायला मला विशेष आवडेल. आपलं बोलणं तारेवरून जातं ते चार किलोहर्ट्झच्या आतल्या कंपनांत. त्याच्या वरचा सगळा पट्टा रिकामा पडलेला असतो. डीएसएलचा घरोघरचा प्रकार, एडीएसएल, तो रिकामा पट्टा वापरतो, साधारण अकराशे किलोहर्ट्झपर्यंत. आता आठवा, आकाशवाणीचं पुणे केंद्र मीडियम वेव्हवर लावायचं तर काटा ७९२ किलोहर्ट्झवर न्यावा लागतो आणि मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८वर. म्हणजे तुमच्या टेलिफोनच्या तारेत इंटरनेट धावतं ते मीडियम वेव्हच्याच मुलखात! मोडेम या पट्ट्याचे सुमारे सव्वाचार किलोहर्ट्झचे एक असे २५६ लहान तुकडे करतो, प्रत्येक तुकडा तपासतो आणि ज्यात खरखर असेल त्यात कमी माहिती भरतो किंवा तो सोडूनच देतो. प्रक्षेपकाच्या जवळच्या घरात टेलिफोनची लांबलचक तार एरियलचं काम करू लागली, तर त्या केंद्राच्या आसपासचे तुकडे मोडेमला सोडावे लागतात. आमच्या आवाजाची किंमत कधी कधी तुमचा मोडेम अशी मोजतो.

पण डीएसएलचा खरा शत्रू अंतर. तांब्याची तार जितकी लांब तितका सिग्नल क्षीण, आणि वरच्या कंपनांचा आधी. नंतर आलेलं एडीएसएल टू प्लस कागदावर २४ मेगाबिटपर्यंत जातं. एक्सचेंज किलोमीटरभराच्या आत असेल तर वीसच्या आसपास मिळतात, तीन किलोमीटरवर सात-आठ, आणि पाचच्या पुढे मोडेम टिकून राहिला तरी पुष्कळ. हे अंतर तारेचं धरायचं, रस्त्याचं नव्हे. एका तालुक्याच्या गावी एका परिचितांकडे गेलो होतो. त्यांच्या गॅलरीतून एक्सचेंजचा मनोरा दिसत होता, तरी वेगाच्या नावानं बोंब. मोडेमचं पान उघडलं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की बहुतेक मोडेम ते दाखवतात. तिथं अ‍ॅटेन्युएशन म्हणून एक आकडा असतो. त्यांचा होता ४१ डेसिबल. किलोमीटरमागे साधारण पावणेचौदा डेसिबल घट, असा ढोबळ हिशेब धरा. म्हणजे तार झाली जवळजवळ तीन किलोमीटरची. समोर दिसणाऱ्या एक्सचेंजपासून निघालेली ती तार जुन्या बाजारपेठेतल्या पिलरला, म्हणजे रस्त्याकडेच्या टेलिफोनच्या पेटीला, वळसा घालून, मग गल्लीतल्या छोट्या डीपी बॉक्समधून त्यांच्या घरी येत होती. त्याच पानावर नॉइज मार्जिन असतो. तो सहाच्या खाली घसरला की लाइन तुटत राहणार, दहाच्या वर असेल तर निर्धास्त राहा.

पावसाळ्यात या तारेचे हाल होतात. पिलरमध्ये पाणी जातं, जोडाला गंज चढतो. त्याची एक सोपी परीक्षा आहे. साधा फोन उचला, एकच आकडा दाबा म्हणजे डायल टोन थांबेल, आणि शांतपणे ऐका. काहीही ऐकू यायला नको. तळल्यासारखा चरचराट आला तर नवा मोडेम विकत घेऊ नका, लाइनमनला सांगून पेअर, म्हणजे तारांची जोडी, बदलून घ्या. आणि घरात फोनची दुसरी-तिसरी एक्स्टेन्शनं असतील तर प्रत्येकाला फिल्टर लागतो, हे बसवणारा माणूस हमखास सांगायचं विसरतो.

इतकी गाऱ्हाणी सांगूनही डीएसएलच्या बाजूनं दोन गोष्टी बोलायलाच हव्यात. एक म्हणजे एक्सचेंजपासून तुमच्या घरापर्यंतची ती जोडी फक्त तुमची असते, तिच्यात वाटेकरी नाही. संध्याकाळी आठला जो वेग, तोच बहुतांशी पहाटे चारला. दुसरी गोष्ट लोडशेडिंगची. एक्सचेंजमध्ये बॅटऱ्या आणि जनरेटर असतात, आणि मधल्या तारेला वीज लागत नाही. गावाची वीज गेली तरी तुमच्या मोडेमला इन्व्हर्टर असला की काम चालू राहतं.

केबलची कहाणी याच्या उलट. जाड कोअ‍ॅक्सिअल तारेची क्षमता तांब्याच्या बारीक जोडीपेक्षा कितीतरी जास्त. अमेरिकेत १९९७मध्ये केबल मोडेमसाठी डॉक्सिस नावाचं प्रमाण ठरलं. टीव्हीच्या एका चॅनेलची जागा, तिकडे सहा मेगाहर्ट्झ, इंटरनेटला दिली की त्यातून ३८ मेगाबिटच्या आसपास मिळतात, आणि अशी अनेक चॅनेलं जोडता येतात. अडचण एकच की हे सगळं मोहल्ल्याच्या सामाईक मालकीचं. सोसायटीच्या टाकीतलं पाणी सकाळी सहाला जसं सगळे एकदम सोडतात, तसंच रात्री नऊला होतं. शिवाय तुमच्याकडून वर जाणाऱ्या माहितीची वाट अरुंद, आणि सगळ्या घरांतली खरखर त्याच वाटेनं वर चढते. तिसऱ्या मजल्यावर कोणी टीव्हीचा कनेक्टर सैल ठेवला तर त्याची शिक्षा अख्ख्या गल्लीला होऊ शकते.

हे झालं शास्त्राचं. आपल्याकडे केबलचं इंटरनेट म्हणून जे मिळालं ते बऱ्याच वेळा यातलं काहीच नव्हतं. मोठ्या शहरांतल्या काही कंपन्यांनी खरं डॉक्सिस दिलं. बाकी ठिकाणी केबलवाला गच्चीवरून ऑफिसात वापरतात तसली लॅनची तार टाकून गेला. ही तार शंभर मीटरच्या पुढे भरवशाची नाही. म्हणून दर दुसऱ्या-तिसऱ्या इमारतीच्या गच्चीवर, पत्र्याच्या पेटीत किंवा नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत एक स्विच बांधलेला. त्याला वीज लिफ्टच्या खोलीतून किंवा कोणा भल्या माणसाच्या मीटरवरून. आता तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल, पण चार इमारती पलीकडे वीज गेली की तुमचं इंटरनेट गेलं. मृगाच्या पहिल्या गडगडाटात असे किती स्विच जळतात ते केबलवाल्याच्या पोरालाच ठाऊक. मात्र त्याच पोराचं एक मान्य करायला हवं. रविवारी दुपारी फोन केला तर तो स्कूटरवर शिडी घेऊन येतो. टेलिफोनवाल्यांकडे तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घेण्याची पद्धत शिस्तीची खरी, पण मुलाची ऑनलाइन परीक्षा सुरू असताना डॉकेट नंबर काय चाटायचा?

तेव्हा केबलवाल्याला प्रश्न विचारायचे ते तारेच्या पलीकडचे. तो इंटरनेट तयार करत नाही, घाऊक घेतो आणि किरकोळ विकतो. जेवढं घेतो त्याच्या किती पट विकतो, हे तो सांगणार नाही. पण पावती कोणाच्या नावाची मिळते ते बघा. परवानाधारक कंपनीचं नाव आणि १८ टक्के जीएसटी त्या पावतीवर दिसायला हवा. नुसत्या वहीतल्या टिकेवर पैसे देऊ नका. आणि तो मोबाइलवर स्पीड टेस्ट करून दाखवील तेव्हा त्यातला सर्व्हर बदलायला सांगा. त्याच्याच कंपनीच्या सर्व्हरवर आकडा नेहमी छान येतो. दुसऱ्या शहरातला निवडा, मग खरं काय ते कळेल.

आणखी एक हिशेब बरेच लोक उलटा करतात. जाहिरातीत असतो तो मेगाबिटचा आकडा, आणि फाइल मोजतो आपण मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. दोन मेगाबिटच्या जोडावर सातशे मेगाबाइटचा सिनेमा उतरायला पाऊण तास लागणारच, त्यात कोणी फसवलेलं नाही. जाहिरातीतला आकडा उतरवण्याचा असतो, चढवण्याचा नव्हे. एडीएसएलवर चढता वेग एक मेगाबिटच्या आसपास. पूर्वी त्यानं काही बिघडत नव्हतं. आता घरात एकाची मीटिंग आणि एकीचा क्लास एकाच वेळी व्हिडिओवर असतो; एका व्हिडिओ कॉलला वर जायला साधारण तेवढाच वेग लागतो. अशा घराला एडीएसएल पुरणार नाही, मग एक्सचेंज भिंतीला भिंत लागून का असेना.

टेलिफोन आणि केबल या दोघांच्या भांडणात आता तिसराच आला आहे. फायबर. केसासारखा बारीक काचेचा धागा. अंतराची फारशी फिकीर नाही, वीस किलोमीटरही चालतात. तोही सामाईकच असतो बरं का. एका धाग्यावर अडीच गिगाबिट, तो ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला. पण चौसष्ट घरं एकदम तुटून पडली तरी प्रत्येकाच्या वाट्याला अडतीस-एकोणचाळीस मेगाबिट उरतात. आणि या धाग्याला वीज लागत नाही, वीज पडून तो जळत नाही. सरकारी कंपनीचं फायबरही आता अनेक ठिकाणी स्थानिक केबलवाल्याच्या भागीदारीत घरोघर जातं, म्हणजे जुने प्रतिस्पर्धी एकाच शिडीवर चढले. तांब्याचे दिवस सगळीकडेच भरत आलेत. अमेरिकेत एटी अँड टीनं ऑक्टोबर २०२०पासून नवे डीएसएल जोड देणं थांबवलं. आपल्याकडेही २०२३पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान दोन मेगाबिट लागतात; लांबच्या तांब्याच्या लाइनींना तेवढंही जड जातं.

फायबर म्हणून सांगितलेलं खरंच फायबर आहे का, ते मात्र स्वतः बघा. बहुतेक ठिकाणी हिरवा किंवा निळा चौकोनी प्लग आणि केसासारखी तार आत आली तर फायबर. फोनच्या पिनेपेक्षा रुंद, आठ पितळी दाते असलेली पारदर्शक पीन दिसली तर फायबर गच्चीपर्यंतच आलंय आणि पुढं लॅनची तार आहे. फिरवून घट्ट करायचा गोल कनेक्टर असेल तर कोअ‍ॅक्सिअल.

मला विचाराल तर असं करा. दारात फायबर येत असेल तर तेच घ्या, आणणारा कोणीही असो. येत नसेल आणि तुमची टेलिफोनची तार दोन किलोमीटरच्या आत, कोरडी आणि बिनखरखरीची असेल, आणि घरात व्हिडिओच्या मीटिंगा फारशा नसतील, तर डीएसएल खुशाल ठेवा. मेल, बँक आणि संध्याकाळची एखादी मालिका एवढ्याला ते पुरून उरतं. बाकी सगळ्यांनी केबल घ्यावी. पण सहा महिन्यांचे पैसे आगाऊ देऊन सवलत घेण्याआधी एकच महिना घ्या आणि त्या महिन्यात त्याच स्विचवरच्या शेजाऱ्याकडे रात्री नऊ वाजता, मालिका ऐन रंगात असताना, वेग मोजून या.