मोठं दुकान बसतं तेव्हा

भाकऱ्या उरकल्या असतील, तर हात पुसून जरा रेडिओजवळ बसा. आम्ही पनवेल तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. दर महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, की आमच्या गप्पा बाजारावर येतात. मागच्या दोन बैठका एकाच विषयावर गेल्या, तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

विषय असा की, कपडे आणि किराणा एकाच छपराखाली विकणारं मोठं दुकान चालेनासं का होतं? आणि ते बसलं की आपलं काय होतं? आपलं म्हणजे गिऱ्हाईक बाईचं, आणि तिथं माल देणाऱ्या बाईचंसुद्धा.

आधी खरं बोलू. अशा दुकानांनी आम्हाला आनंद दिला, हे कबूल केलं पाहिजे. पूर्वी पनवेलला लग्नाचा बस्ता बांधायला गेलो, तर दुकानदार गादीवर बसून विचारायचा, "किती रुपयांपर्यंत दाखवू?" आपण आकडा सांगितला की त्याच्या चेहऱ्यावरून आपली किंमत कळायची. मोठ्या दुकानात असं कुणी विचारत नाही. कापड हातात घ्या, उलटून बघा, परत ठेवा. अंगाला लावून बघायला खोली, आरसा. किंमत चिठ्ठीवर लिहिलेली, म्हणजे घासाघीस करताना मागं पडणाऱ्या बाईलाही तोच भाव. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "मला तिथं कुणी ‘ए बाई’ म्हणालं नाही, ‘मॅडम’ म्हणालं. मी त्यासाठीच जात होते." सगळ्या हसल्या, पण सगळ्यांना पटलं.

मग आम्ही जाणं कमी का केलं? प्रत्येकीनं आपलं कारण सांगितलं. पनवेल-कळंबोलीकडच्या अशा तीन-चार दुकानांचा आमचा अनुभव आहे, कुणा एकाचं नाव घेत नाही. एक वहिनी म्हणाली, "कुर्ते सगळे चवळीच्या शेंगेसारख्या पोरींच्या मापाचे. आमच्यासारख्या शेतात राबणाऱ्या बाईचा दंड त्या बाहीत शिरत नाही." दुसरी म्हणाली, "एकावर एक फुकट म्हणतात, आणि त्या एकाची किंमत आधीच वाढवलेली." तिसरीचं म्हणणं, तूरडाळ संपली की आठ-आठ दिवस येत नव्हती, बिस्किटांच्या फळीवर एकच पाकीट पुढं मांडून मागं सगळं रिकामं. ते बघून तिनं ओळखलं, की या घरात काहीतरी बिघडलंय. चूल विझायला आली की धूर आधी दिसतो, तसंच ते.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडलं, ते म्हणजे बिग बझार. 2001 साली किशोर बियाणी यांच्या कंपनीनं कोलकाता, हैदराबाद आणि बंगळुरूला पहिली दुकानं काढली. नंतर मुंबई-ठाण्याकडं आणि देशभर ती पसरली. बियाणी मुळात कपड्यांच्या धंद्यातले, ‘पँटलून्स’ हे त्यांचंच. आपल्या आठवडी बाजाराची गजबज आत आणायची, धान्य उघडं मांडायचं, म्हणजे बाईला हात घालून बघता येईल, ही त्यांची युक्ती. 2006 पासून 26 जानेवारीला ‘सबसे सस्ता दिन’ सुरू झाला. पहिल्याच वर्षी एवढी झुंबड उडाली, की काही ठिकाणी दारं बंद करायची वेळ आली. जुनी रद्दी, जुने कपडे, भांडी वजनावर घेऊन त्याची कुपनं द्यायचे, तेही अनेकींना आठवत असेल. बोहारणीचाच धंदा तो, फक्त काचेच्या दारामागं आला.

असं दुकान बसलं कसं? आम्ही बैठकीत हे सोपं करून बघितलं. तांदूळ, साखर, तेल यांत दुकानदाराला सुटतं थोडं. ते आपल्याला आत आणण्यासाठी असतं. खरी कमाई कपड्यांत. आपण साखर घ्यायला गेलो आणि येताना पोराची चड्डी, आपला गाऊन घेऊन आलो, तर दुकान तरतं. पण कपडा आवडेनासा झाला आणि बाई नुसती साखर घेऊन परतली, तर जागेचं भाडं, विजेचं बिल, पोरापोरींचा पगार कशातून द्यायचा? मग कर्ज काढायचं. कर्जावर दुकान वाढवायचं, आणि वाढलेलं दुकान चालवायला पुन्हा कर्ज. आपल्या गटात एखादी एका कर्जाचा हप्ता भरायला दुसरं कर्ज मागते, तेव्हा आपण तिला काय सांगतो? तेच इथं लागू.

2012 मध्ये कर्ज हलकं करायला ‘पँटलून्स’ बिर्ला समूहाकडं गेलं. मार्च 2020 ला टाळेबंदी आली. किराणा चालू राहिला, कपड्यांना मात्र कुलूप. म्हणजे कमावता हातच बांधला गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिलायन्सनं हा सगळा व्यवसाय 24,713 कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं. पण त्याआधी अ‍ॅमेझॉननं बियाणींच्या एका कंपनीत पैसे घातले होते, त्यांनी हरकत घेतली. भांडण सिंगापूरच्या लवादापासून दिल्लीच्या कोर्टापर्यंत गेलं. तोवर भाडी थकली. फेब्रुवारी 2022 च्या शेवटी रिलायन्सनं शेकडो दुकानांचा ताबा घ्यायला सुरुवात केली, कारण बऱ्याच जागांचे भाडेकरार तोवर त्यांच्या नावावर झाले होते. पुढं अशा कित्येक जागांवर ‘स्मार्ट बझार’ची पाटी लागली. एप्रिलमध्ये कर्ज देणाऱ्या बँकांनी सौदा नाकारला, जुलैमध्ये दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली, आणि जुलै 2024 मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा आदेश निघाला.

त्याच काळात डी-मार्ट मात्र वाढत गेलं. 2002 साली पवईला पहिलं दुकान निघालं, राधाकिशन दमाणी यांचं. त्यांनी भाड्याच्या जागा घेण्याऐवजी शक्यतो स्वतःच्या मालकीच्या घेतल्या, आणि माल देणाऱ्याचे पैसे लवकर चुकते करून त्याबदल्यात भाव कमी करून घेतला. थाटमाट कमी, झगमगाट कमी. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरले." आजी शाळेत गेल्या नाहीत, पण हिशेब बरोबर मांडला.

आता आपल्या पोटाची गोष्ट. आमच्या गटानं एका दुकानाला पापड, आगरी मसाला आणि कुरडया द्यायला सुरुवात केली होती. नाव सांगत नाही. पहिली दोन बिलं वेळेवर आली. आम्हाला वाटलं, आता गंगेत घोडं न्हालं. तिसऱ्या बिलाला "साहेब रजेवर आहेत", चौथ्याला "पुढच्या महिन्यात एकदम घ्या". आणि ऑर्डर मात्र मोठी! रिकाम्या फळ्या भरायला त्यांना उधारीवर माल देणारं कुणीतरी हवंच होतं, आणि त्या आम्ही झालो. उडीदडाळीचे पैसे आम्ही रोख मोजले होते, मिरच्या मिरची गल्लीतून रोखीनं आणल्या होत्या. शेवटी काही पैसे मिळाले, काही बुडाले. एकीच्या मुलीची कॉलेजची फी त्यातून भरायची होती. ती मुलगी एक वर्ष घरी बसली. हे सांगताना अजून आमचा आवाज बसतो.

तेव्हा आम्हाला कायदा माहीत नव्हता, म्हणून तुम्हाला सांगतो. 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा आहे. आपण पापड, मसाला स्वतः बनवत असू आणि आपली ‘उद्यम’ नोंदणी असेल, तर माल घेणाऱ्यानं 15 दिवसांत पैसे द्यायचे. लेखी करार असला तरी मुदत 45 दिवसांपलीकडं नेता येत नाही. उशीर झाला तर त्यावर व्याज द्यावं लागतं. नोंदणी ऑनलाइन होते आणि तिला पैसे लागत नाहीत, कुणी दलाल मागत असेल तर देऊ नका. मात्र माल देण्याआधी नोंदणी करा, नंतर करून उपयोग नाही. मालासोबत चलन द्या, त्यावर पोचल्याची सही आणि तारीख घ्या. जास्त माहितीसाठी अलिबागला जिल्हा उद्योग केंद्र आहे.

आणि हे सगळं वेळेत करा. कारण कंपनी एकदा मोडीत निघाली, की जे काही उरतं ते वाटायला रांग लागते. कारवाईचा खर्च, तारण असलेल्या बँका आणि कामगारांचे पैसे पुढं. माल दिलेली पापडवाली बाई रांगेत खूप मागं. तिच्यापर्यंत येईतो पातेलं खरवडलेलं असतं.

गिऱ्हाईक म्हणूनही तीन-चार गोष्टी लक्षात ठेवा. दुकान डळमळीत वाटलं, तर तिथली कुपनं, गिफ्ट व्हाउचर साठवून ठेवू नका, लगेच वापरा. दुकान बंद झालं तर तो नुसता कागद. घेतलेल्या वस्तूचं बिल जपा. पाकीट मोठं दिसतं म्हणून भुलू नका, वजन वाचा. ग्रॅममागं किंवा किलोमागं किती पडतात, तेही पाकिटावर छापलेलं असतं. आणि आपण गप्प बसायचं नाही. चंदीगडच्या एका गिऱ्हाइकाकडून बिग बझारनं पिशवीचे 18 रुपये घेतले होते. तो ग्राहक मंचात गेला. डिसेंबर 2020 मध्ये राष्ट्रीय आयोगानं सांगितलं, की आधी न कळवता गल्ल्यावर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित प्रथा आहे, ती बंद करा. अठरा रुपयांसाठी! तुमची तक्रार असेल तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

आता आम्ही काय ठरवलं ते सांगतो. मोठं दुकान वाईट आणि गावचा वाणी चांगला, असा निकाल आम्ही दिलेला नाही. वाणी महाग देतो, पण घरात माणूस दवाखान्यात असताना वहीवर मांडून तोच माल देतो. मोठं दुकान स्वस्त देतं, पण उधार देत नाही. आणि स्वस्ताचा हिशेबही पूर्ण करा. समजा दीड हजाराच्या किराण्यावर 120 रुपये वाचले. जाण्यायेण्याचे 80 गेले, पोराच्या आइस्क्रीमचे 50 गेले. झाला की 10 रुपयांचा तोटा! आणि नको असलेला 299 चा कुर्ता वेगळाच.

म्हणून दिवाळीसाठी आम्ही यादी एकत्र करतोय. मुंबईत 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायत हेच करत आली आहे. आसपासची कुटुंबं गट करतात, यादी एकत्र भरतात, माल एका घरी उतरतो आणि तिथं वाटून घेतात. आम्हीही रवा, मैदा, तेल, पोह्यांचा भाव तीन ठिकाणी विचारला. त्यात गावचा वाणीही आहे. एवढा माल एकदम आणि रोखीनं म्हटल्यावर त्यानंच भाव खाली आणला. कपडे मात्र पनवेलच्या बाजारात जाऊन, हात लावून, मापाचे बघूनच घेणार.

आणि पापड? पापड आम्ही पुन्हा लाटायला घेतलेत. या वेळी ‘उद्यम’चा कागद भिंतीवर लावलाय, आणि एका दुकानाला एका वेळी किती माल उधारीवर द्यायचा याची मर्यादा वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आहे. ज्या मुलीची फी अडली होती, ती यंदा पुन्हा कॉलेजला जाते. ती वही तीच लिहिते.

तुमच्या गटात पुढच्या बैठकीला एवढं एकच करा. आपला माल कुणाकुणाकडं गेलाय, किती दिवस झाले, किती पैसे येणं आहे, हे एका पानावर लिहून काढा आणि मोठ्यानं वाचा.