सिकलसेलग्रस्त बालके आणि रक्तदात्यांचे कर्तव्य

सिकलसेल या आनुवंशिक विकारात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात. मेंदूची रक्तवाहिनी अरुंद झाल्यास कोवळ्या बालकासही पक्षाघात होतो. अरुंद वाहिनीत रक्ताचा वेग वाढतो. ट्रान्सक्रेनियल डॉप्लर या वेदनारहित तपासणीने तो मोजता येतो. सेकंदाला २०० सेंटिमीटर वा अधिक वेग असलेल्या बालकांना नियमित रक्त दिल्यास पक्षाघाताचे प्रमाण ९० टक्क्यांनी घटते, हे अमेरिकेत १९९८ साली सिद्ध झाले.

अंबरनाथ-बदलापूर परिसरातील आदिवासी पाड्यांवरील रुग्ण-बालकांची ही तपासणी दोन ते सोळा वर्षे वयात दरवर्षी व्हावी. परंतु धोका आढळलेल्या बालकास दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागते. महावीर जयंतीच्या एका शिबिराने ती गरज भागत नाही. उल्हासनगरच्या दात्यांनी वर्षभर पाळीपाळीने रक्तदान केले, तरच त्या तपासणीचे सार्थक होईल.