नखी कीं उघडें बोट?

मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाच्या गिटारीस आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणतात. डाव्या हातांतील पोलादी कांडी तारांवरून सरकते, उजव्या हाताचीं बोटें तारा छेडतात, आणि या दोहोंच्या मेळांतून गळ्यासारखा अखंड स्वर निघतो. हें वाद्य प्रथमच हातीं घेणाऱ्यापुढें पहिल्या आठवड्यांतच एक प्रश्न उभा राहतो. उजव्या हाताच्या बोटांत नखी घालावी, कीं उघड्या बोटांनींच वाजवावें? प्रश्न दिसावयास लहान आहे खरा. परंतु वाद्य घरांत बोलूं लागेल कीं पुन्हां खुंटीवर जाईल, हें पुष्कळदां त्याच्याच उत्तरावर ठरतें.

वाशीमचेंच उदाहरण घ्या. वाकाटकांच्या काळीं वत्सगुल्म म्हणून नांवाजलेलें हें गांव १९९८ सालीं स्वतंत्र जिल्ह्याचें मुख्य ठिकाण झालें. अशा गांवीं एखाद्या घरांत आजोबांच्या हौसेची हवाईयन गिटार माळ्यावर सांपडली, आणि नातीनें ती पुसून मांडीवर घेतली, असें समजूं. पेटी-तबल्याचे गुरुजी गांवांत भेटतील. या गिटारीचे भेटणें कठीण. खोक्यांत अंगठ्याची एक नखी आणि बोटांच्या दोन धातूच्या नख्या निघतात. नात त्या चढविते. तारेवर खरखर उठते, एक नखी निसटून जमिनीवर पडते, आणि कोणती तार कोठें आहे हेंच बोटाला कळेनासें होतें. ती नख्या काढून ठेवते. उघड्या बोटानें आवाज गोड येतो. पण कांडी षड्जावरून पंचमापर्यंत पोंचते न पोंचते तोंच तो विरून जातो. चार दिवसांनीं घरांतील सर्वांचें एकमत होतें कीं, वाद्य जुनें झालें, आतां त्यांत जीव नाहीं. वस्तुतः दोष वाद्याचा नसतो आणि नातीचाहि नसतो. निवड कशाची करावयाची आहे, हेंच तिला कोणीं सांगितलेलें नसतें.

ती निवड समजण्यास या वाद्याची घडण ध्यानांत घ्यावी. येथें तारा पट्टीपासून उंच उचललेल्या असतात. त्या पडद्यांवर दाबावयाच्या नसतात. स्वर कोठें जावयाचा तें कांडी ठरविते. पण तेथवर तो जिवंत पोंचावयाचा तर त्याला बळ द्यावयास हवें, आणि तें बळ उजव्या हाताच्या एकाच छेडींतून मिळतें. गायकाला जसा श्वास, तशी या वादकाला छेड. आंखूड श्वासावर लांब मींड निभत नाहीं. शिवाय कठीण व अरुंद टोंकानें तार छेडली म्हणजे मूळ स्वराबरोबर वरचे सूक्ष्म उपस्वरहि जागे होतात, आणि आवाज उजळ व दूरवर जाणारा होतो. मऊ बोटानें छेडली असतां ते उपस्वर दबतात आणि आवाजाला गोलाई येते. म्हणजे नखीपासून मिळतें तें बळ व तेज. उघड्या बोटापासून मिळतो तो मार्दव आणि तारेचा प्रत्यक्ष स्पर्श.

हा विचार आपल्या संगीताला परका नाहीं. तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' या ग्रंथांत एकतंत्री वीणेचें वर्णन केलें आहे. तिच्या तारेवर वेळूची कम्रिका फिरवीत. पुढें विचित्र वीणेवर कांचेचा बट्टा आला, आणि तिच्या वादकानें उजव्या हातांत तारेच्या नख्या घातल्या. सतारियाची नखी पोलादी तारेची. सरोदियाचा जवा नारळाच्या करवंटीचा. वाद्यापरत्वें नखी बदलते, आणि क्वचित् ती गळूनहि पडते.

गळून पडण्याचें थोर उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. पनवेलजवळ पळस्पे येथें ज्यांचें गुरुकुल होतें ते उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) रुद्रवीणा वाजवितांना नखी वापरीत नसत. संथ आलापांतील एकेक स्वर ते उघड्या बोटानें छेडीत. परंतु येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. त्यांनीं आपली वीणा मोठ्या भोपळ्यांची व जाड दांडीची करून घेतली होती, आणि तिचा स्वर खर्जांत खोल व दीर्घ टिकणारा होता. नखी सोडावयाची तर तिचें काम दुसऱ्या कोणावर तरी सोंपवावें लागतें, हा यांतील बोध. तें काम येथें वीणेनें आपल्या अंगावर घेतलें.

हवाईयन गिटारीस हाच नियम लागू पडतो. हें वाद्य हवाई बेटांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडलें, आणि जोसेफ केकुकू यांचें नांव त्याशीं निगडित आहे. १९४० नंतरच्या दशकांत टाऊ मो यांनीं कलकत्त्यास राहून त्याचा प्रसार केला. मुंबईंत व्हॅन शिपले यांनीं विजेच्या गिटारीवर चित्रपटगीतांच्या चाली वाजवून तिचा आवाज घरोघर पोंचविला. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेंत ब्रिजभूषण काबरा यांची गिटार संतूर व बांसरीच्या बरोबरीनें रागसंगीत गाऊं लागली. आणि १९९४ सालीं विश्वमोहन भट्ट यांना त्यांच्या मोहन वीणेच्या वादनासाठीं राय कूडर यांच्यासमवेत ग्रॅमी पारितोषिक मिळालें. रागदारी वाजविणाऱ्या बहुतेक गिटारवादकांचा प्रघात अंगठा व दोन बोटें यांत नखी घालण्याचा आहे. आलापाची दीर्घ मींड आणि झाल्याची जलद छेड हीं दोन्ही एकाच हाताकडून घ्यावयाचीं असल्यामुळें तो पडला.

तेव्हां आजोबांची गिटार विजेची असेल, तर ध्वनिवर्धक स्वराला आयुष्य देईल, आणि उघड्या बोटांचा मार्ग मोकळा राहील. ती नुसती लांकडी असेल, तर नखी हाच तिचा श्वास. ती टाकण्यापूर्वीं नीट घालावयास शिकणें बरें.

नीट घालणें म्हणजे काय? पहिली चूक बहुधा दिशेची असते. या नखीचें पातें नखावर नव्हे, तर बोटाच्या पोटाशीं, गराच्या बाजूस बसावयाचें असतें. नखाकडून येतात त्या केवळ पकडणाऱ्या पट्ट्या. पट्ट्या हलक्या हातानें दाबून अशा बसवाव्या कीं, हात झटकला तरी नखी हलूं नये, आणि बोटाचें टोंक निळेंहि पडूं नये. दुसरी गोष्ट वांकाची. पातें सरळ ठेवल्यास आवाज धारदार होतो. बोटाच्या गोलाईप्रमाणें वांकविल्यास तो मऊ होतो, आणि तारेचें अंतरहि बोटाला समजूं लागतें. तिसरी जाडीची. ती इंचाच्या हजारांशांत मोजतात. बाजारांत साधारणतः १३ पासून २५ पर्यंतच्या नख्या असतात. पातळ नखी चटकन् वांकते व हलकी लागते. जाड नखी भरीव आवाज देते, पण चूक झांकीत नाहीं. आरंभास मधली घ्यावी. राहिली ती खरखर. पात्याची कड तिरपी लागली म्हणजे गुंडाळलेल्या तारेवर ती उठते. पातें किंचित् पिळून तारेला सपाट लागेल असें केलें कीं ती पुष्कळ कमी होते. अशी नखी गांवीं न मिळाली, तर सतारीची नखी चालवून पाहतां येते. मात्र तिचें टोंक पुढें येत असल्यानें हात थोडा निराळा धरावा लागतो.

एवढें झाल्यावर परीक्षा घ्यावी. एकच तार, एकच छेड, आणि षड्जापासून पंचमापर्यंत सावकाश मींड. ती आधीं नखीनें व मग उघड्या बोटानें, अशी रोज आळीपाळीनें घ्यावी, आणि घरांतील दुसऱ्या कोणीं शेजारच्या खोलींत बसून ती ऐकावी. वाजविणाऱ्याचा कान वाद्याच्या अगदीं जवळ असतो; त्याला खरखर मोठी वाटते आणि विरणारा पंचमहि ऐकूं आल्याचा भास होतो. भिंतीपलीकडे मात्र जें पोंचतें तेंच पोंचतें. महिनाभर असें केल्यावर जो निर्णय होईल तो सवयीचा किंवा कंटाळ्याचा नसेल, कानाचा असेल.

मग नातीनें नखी ठेवली काय आणि सोडली काय, दोन्ही सारखेंच योग्य. माळ्यावरून उतरलेलें वाद्य पुन्हां माळ्यावर जाऊं नये, आणि शेजारच्या खोलींत बसलेल्या आजीच्या कानावर कित्येक वर्षांनंतर पुरता पंचम पडावा, एवढ्यासाठींच ही सारी खटपट.