तळव्याची कातडी आणि सहा आठवड्यांचा हिशेब



आम्ही डॉक्टर नव्हे. बँकेत कारकुनी करतो आणि शिक्षणही कला शाखेचे. तरीही हा विषय मुद्दाम घेतला. आपल्या बारामती एमआयडीसीत दिवसभर मशीनपुढे उभा राहणारा कामगार, माळेगाव-भवानीनगरच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडणारा मजूर आणि मधुमेह जडलेला पेन्शनर, या तिघांचाही संसार पायाच्या तळव्यावर उभा आहे.

तळव्याची कातडी अंगावरील इतर कातडीसारखी नसते. ती जाड असते. तिच्याखालची चरबी चिवट तंतूंच्या लहान लहान कप्प्यांत बांधलेली असते, म्हणून चालताना कातडी सरकत नाही आणि टाच गादीसारखा भार झेलते. ही गादी एकदा गेली की तशी दुसरी शरीरात कोठेच सापडत नाही. शस्त्रक्रियेची खरी अडचण ती हीच.

मांडीवरची पातळ कातडी तळव्याच्या कमानीखाली लावली तर चालते, कारण तेथे भार पडत नाही. टाचेवर मात्र ती लवकर फाटते. तेथे कातडी, चरबी आणि त्यांना जगविणारी रक्तवाहिनी असा जिवंत तुकडा लागतो. डॉक्टर त्यास फ्लॅप म्हणतात. पूर्वी एका पायाची कातडी दुसऱ्या पायाच्या टाचेला जोडून दोन्ही पाय सुमारे तीन आठवडे एकत्र बांधून ठेवीत. आता बहुधा कमानीखालचाच तुकडा रक्तवाहिनीसह टाचेकडे वळवितात व कमानीच्या जागी मांडीची कातडी लावतात. पोटरीमागची कातडी खाली वळविण्याची रीतही आहे. जखम फारच मोठी असेल तर दूरचा तुकडा आणून सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडतात.

या विद्येचा काही भाग महाराष्ट्रात महारोग्यांच्या पायांवर घडला, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांच्यावर डॉ. नोशीर अंतिया यांनी १९५० च्या दशकात पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी सुरू केली, आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या शास्त्राचा विभाग उभा केला. तिकडे वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की महारोग्याचा तळवा आपोआप सडत नाही. संवेदना गेल्यामुळे खडा, खिळा, चटका कळत नाही आणि माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. दुखणे हाच पायाचा राखणदार.

मधुमेहातही पुष्कळदा असेच होते. अपघातात टाच गेलेल्या माणसाला कमानीखालचा तुकडा मज्जातंतूसह दिला तर नव्या टाचेला थोडीफार जाणीव राहू शकते. ज्याचा पाय आधीच बधिर झाला आहे त्याची नवी टाचही बधिरच राहते. म्हणून त्याने रोज रात्री आरसा धरून तळवा पाहावा, घरातही अनवाणी फिरू नये, चप्पल घालण्यापूर्वी ती झटकावी. बधिर पायासाठी मऊ एमसीआर रबराची, मापाने केलेली चप्पल मिळते. ती नीट बेतणारा कारागीर आमच्या मते सर्जनच्या पंक्तीत बसावा!

आता पैशाचे बोलू, ते आमच्या धंद्याचे आहे. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे त्या पायावर भार टाकता येत नाही. ज्याच्या पगारातून कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी जाते व ज्याचे ठरलेले दिवस भरले आहेत, त्याला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के मिळतात. कामावर इजा झाली तर ९० टक्के. कंत्राटी कामगारांनो, आपल्या नावाची वर्गणी खरोखर भरली जाते का, हे आजच पाहा. ऊसतोड मजुराला हा आधार नाही. तो टाके काढल्याबरोबर फडात उतरतो आणि लावलेली टाच उसवते. सर्जनची मेहनत तेथे फुकट जाते.

म्हणून शिष्यवृत्तीच्या निधीसारखाच एक लहान निधी संस्थेने ठेवावा, अशी आमची मागणी आहे. त्यातून अशा घराला सहा आठवड्यांचे वाणसामान आणि एक जोड चप्पल मिळावी. एका घराचा खर्च किती येईल याचा अंदाज लिहून आणला आहे, तो चिटणिसांकडे देतो. पुढचा हिशेबही आम्ही लिहू.