पाऊस कोणाच्या घरी येतो



सातारा जिल्ह्यात साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून बोलायला उभी राहणारी बाई कराडची आठवण काढल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. १९७५ साली तिथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा दुर्गा भागवत अध्यक्ष होत्या. देशात आणीबाणी होती. स्वागताध्यक्ष होते केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. त्या मांडवात दुर्गाबाईंनी लेखकाच्या स्वातंत्र्याची बाजू न डगमगता मांडली. हे आपण अभिमानाने सांगतो. पण याच बाईंनी वीसेक वर्षं आधी ‘ऋतुचक्र’ लिहिलं होतं. चैत्रापासून एकेक महिना धरून झाडं, फुलं, पाखरं, आभाळ टिपलं होतं. ही दोन्ही कामं मला एकाच स्वभावातून आलेली वाटतात. स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठरवायची सवय लागलेल्या माणसाला कोणी दरडावून काही खरं मानायला लावू शकत नाही.

मला आज ऋतूंविषयीच बोलायचं आहे, पण कादंबरीकाराच्या जागेवरून. ललित निबंधात ऋतू झाडावर उतरला तरी चालतो. कादंबरीत त्याला उंबरा ओलांडून आत यावं लागतं. तो कसा येणार, हे घर कोणाचं आहे यावर ठरतं.

आपला जिल्हाच बघा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून दिवसभरात जाऊन परत येता येईल अशा माण तालुक्यात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. मिरीग दोन्हीकडे एकाच दिवशी निघतो. पाटणच्या डोंगरात त्याआधी सरपण आत घ्यायची, गवताची गंजी झाकायची, घर शाकारायची घाई असते. माणमधली बाई मात्र आभाळाकडे बघत बियाणाचं गाठोडं सोडायचं की नाही, याचा विचार करते. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात दरडी कोसळून घरं माणसांसकट गाडली गेली. अशा डोंगराखाली राहणाऱ्या आईला रात्रीचा पाऊस कसा ऐकू येत असेल? हे लिहायला हवामानखात्याचा आकडा पुरत नाही. तिच्या अंथरुणापर्यंत जावं लागतं.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. माणदेशातल्या त्या वाडीत दुष्काळ येतो आणि भरलेली वस्ती मेंढरांमागे रिकामी होते. न आलेला पाऊस हे त्या कादंबरीतलं एक पात्रच आहे, असं मी मानते. पुढे सदानंद देशमुखांनी विदर्भातलं शेतकऱ्याचं घर ‘बारोमास’मध्ये उभं केलं. शेती खचते तशी घरातली नाती कशी उसवत जातात, हे त्या पुस्तकात पानोपानी दिसतं. मराठी कादंबरीने ऋतू घरात आणला तो अशा वाटेने.

आणि फलटणच्या बेबीताई कांबळे. आपल्या जिल्ह्याच्या या लेखिकेचं नाव आपण पुरेसं घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. किराणा दुकानात बसून, घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून त्यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिलं. ते आत्मकथन आहे, पण कादंबरीकाराने त्याची पारायणं करावीत. पांढरपेशा घरांत आषाढ म्हणजे शुभकार्यं थांबलेला महिना. बेबीताईंच्या महारवाड्यात त्याच आषाढाची वाट बघितली जाते, कारण तेव्हा सण असतो, पोटभर खायला असतं. पंचांगात एकच असलेला महिना एका घरात वर्ज्य आणि दुसऱ्या घरात आनंदाचा! आषाढावर चार ओळी लिहिण्याआधी मी आता स्वतःला विचारते, हा कोणाच्या घरातला आषाढ?

माझं स्वतःचं लेखन घराच्या वर्षाने घडवलं. चैत्र-वैशाखात गच्चीवर वाळवणं असतात. कुरडयांचा चीक पहाटे घाटायचा, दुपारी सांडगे घालायचे, डंकावर चटणी कांडून आणायची. त्या दिवसांत कागदाला हात लागत नाही. पण पात्रं तेव्हाच बोलायला लागतात, कारण कामाला चार बायका जमल्या की घरातलं न बोललेलंही निघतं. कोण कोणाच्या पापडाला नाव ठेवतं, कोण उगाच गप्प बसते, हे मी लाटणं हातात असताना ऐकलेलं आहे. आषाढात दारं लागली की ते कागदावर येतं. ‘घरकामातून वेळ काढून लिहिता’ असं माझं कौतुक होतं. ते मला मान्य नाही. माझ्या कादंबऱ्यांचा कच्चा माल त्या घरकामातच होता.

आता हे वर्ष विस्कटलंय. वाळवण पसरावं तर वैशाखात ढग येतात. दिवाळीच्या तोंडावर काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहतं. ऊसतोडीला बीडकडून येणारी कुटुंबं उसाच्या फडाशेजारी कोप्या घालतात. अवकाळी पाऊस आला की त्या कोपीत चूल कुठे पेटवायची आणि लेकरू कुठे निजवायचं, हा प्रश्न पडतो. अर्धं वर्ष कोपीत आणि अर्धं गावाकडच्या घरात काढणाऱ्या त्या बाईचे ऋतू आपल्या कादंबरीत किती आले? फार थोडे. ते तिच्या लेकी लिहितील. त्यांच्या हातात वही टिकली पाहिजे, शाळा सुटता कामा नये. ही जबाबदारी साहित्यसंस्थांचीही आहे.

म्हणून या संमेलनाकडे माझं एक मागणं आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात एक जाड वही ठेवा. पाटणमधल्या, माणमधल्या, फलटणमधल्या आणि फडावरच्या बायकांनी आपापल्या घरातलं वर्ष त्यात महिन्यागणिक सांगावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं कॉलेजच्या मुलामुलींनी लिहून घ्यावं, त्यांच्याच बोलीत, एक शब्दही न सुधारता. पुढच्या संमेलनात परिसंवाद एक कमी ठेवा आणि त्या वेळात ही पानं सांगणाऱ्या बायकांनाच व्यासपीठावर बोलवा. वह्यांचा खर्च मी आनंदाने उचलीन. गुढीपाडव्याला सुरुवात करता येईल. वाचनालयांच्या कार्यवाहांनी दुपारच्या सत्रानंतर मला भेटावं, आपण यादी करून टाकू.