उपाशी डिस्क

आज कवितेवर बोलणार नाही, भोकांवर बोलणार आहे. संगणकाच्या कडेला असतात ती. मुलं त्यांना पोर्ट म्हणतात.

पूर्वी संगणकाच्या पाठीमागे भोकांची जत्रा असे. कळफलकाचं गोल, प्रिंटरचं लांबलचक, आणखी कशाकशाची. १९९६ साली यूएसबी आलं आणि हळूहळू सगळ्यांना एकच दार झालं. मग लॅपटॉप पातळ होत गेले आणि ती दारंही कमी झाली. माझ्या लॅपटॉपला दोनच आहेत. एक नेहमीचं रुंद आणि दुसरं लहान लंबगोल, टाइप-सी. लंबगोलात चार्जर जातो. म्हणजे उरलं एक.

त्या एकात मला काय काय लावायचं होतं पाहा. १९९३ साली मी अम्मीच्या ओव्या कॅसेटवर घेतल्या होत्या. घरातलं जातं तोवर अडगळीत गेलं होतं. पण हात फिरल्याशिवाय ओवी आठवत नाही, असं ती म्हणाली आणि पालथ्या परातीवर मूठ फिरवत गायली. परातीचा तो घासल्यासारखा आवाजही कॅसेटमध्ये आहे. अम्मी आता नाही. फीतही जुनी झाली, तेव्हा हे सगळं संगणकात घ्यायचं ठरवलं. कॅसेटचा आवाज आत नेणारी एक छोटी डबी, साठवायला बाहेरची हार्ड डिस्क, शिवाय माउस आणि प्रिंटर. बाजारातून चार तोंडांचा स्वस्त हब आणला. एका भोकाची चार झाली, मी खूश.

पहिली बाजू सुरू केली. पंचवीसेक मिनिटं छान गेली. मग डिस्कमधून टक्, टक् असा आवाज आला आणि पडद्यावरून डिस्कच नाहीशी झाली. ओव्या थेट तिच्यावरच उतरत होत्या. मी घाबरून फीत मागे नेऊ लागलो, तर ती यंत्रात अडकली आणि चुरगळली. पेन्सिलीने गुंडाळून सरळ केली, पण तिथली एक ओवी आता घोगरी येते. शेवटचा चरण तर कळतच नाही.

डिस्क घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने ती स्वतःच्या संगणकाला थेट लावली आणि म्हणाला, “काका, डिस्क चांगली आहे. उपाशी होती.”

त्याने सांगितलं ते असं. हब भोकं वाढवतो, वीज वाढवत नाही. यूएसबी २.० च्या एका भोकातून नियमाने पाचशे मिलिअँपिअर वीज मिळते, ३.० च्या भोकातून नऊशे. माझा हब जुन्या धाटणीचा, स्वतःचा अडॅप्टर नसलेला. म्हणजे पाचशेतच त्याचं पोट आणि चार तोंडांची वाटणी. नियमाने प्रत्येकी शंभर. माउसला तेवढी पुष्कळ होते. प्रिंटरला स्वतःची वायर असते, त्याचं ओझं नाही. पण डिस्कच्या आत तबकडी फिरते. फिरताना तिला शंभराच्या कितीतरी पट वीज लागते आणि थांबलेली तबकडी पुन्हा फिरवायला तर त्याहून जास्त. जात्याचा पहिला फेरा जड जातो, तसंच हे. वीज कमी पडली की तबकडी दम टाकते, पुन्हा उठू पाहते. तोच तो टक् टक् आवाज. कागदावर यूएसबीला एकशे सत्तावीस उपकरणं जोडता येतात म्हणे. जेवायला कोण घालणार, ते कागदात नाही!

पेनड्राइव्हमध्ये फिरणारं काही नसतं, म्हणून तो बहुधा निभावून नेतो. आणि टेबलावर ठेवायच्या मोठ्या डिस्कला स्वतःचा अडॅप्टर असतोच, तिची चिंता नाही. रडते ती खिशात मावणारी.

दुसऱ्या बाजूला मी शहाणा झालो. माउस काढला, बोटाने काम चालवलं. आवाजाची डबी थेट लॅपटॉपला लावली आणि ओव्या लॅपटॉपच्याच पोटात उतरवल्या. ते पुरं झाल्यावर डबी काढून त्याच भोकात डिस्क लावली आणि नक्कल केली. वायर उपटण्याआधी पडद्यावर डिस्क काढण्याची आज्ञा दिली. कारण नक्कल झाली असं दिसलं तरी शेवटचं थोडं लिहिणं कधी कधी बाकी असतं. एक नक्कल मुलीच्या घरीही ठेवली.

नंतर अडॅप्टरवाला हब घेतला. थोडा महाग पडला, पण आता डिस्क, डबी, माउस एकत्र नांदतात. घेताना दुकानदाराला एवढंच विचारा, याला भिंतीतून वीज घेता येते का? टाइप-सीचे काही हब चार्जरची वीज लॅपटॉपलाही पुढे देतात, मग ते लंबगोल भोकही कामाला येतं. मात्र त्यातल्या काहींत चार्जर काढला की बाकीची उपकरणं क्षणभर तुटतात. नक्कल चालू असताना चार्जरला हात लावू नका.

दुसरी बाजू पूर्ण मिळाली. अगदी शेवटी परात थांबते आणि अम्मी विचारते, “झालं का रे? बंद कर आता.”