वाळवंटातील तेल आणि एक सौदा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



धंद्यात काय घ्यावे याची चर्चा आपल्यांत पुष्कळ होते. केव्हा विकावे याची क्वचितच. म्हणून एडिंबरोच्या केर्न एनर्जी या कंपनीची हकीकत आम्ही सांगतो. तिचे संस्थापक बिल गॅमेल हे एके काळी स्कॉटलंडच्या संघातून रग्बी खेळलेले गृहस्थ. राजस्थानात बाडमेरच्या वाळवंटातील आपला हिस्सा बलाढ्य शेल कंपनीने सोडला. तो या लहान कंपनीने घेतला आणि २००४ साली तेथेच ‘मंगला’ हे विशाल तेलक्षेत्र सापडले. पण तेल कसे? मेणासारखे, निवताच थिजणारे! गुजरातच्या किनाऱ्याकडे जाणारा सुमारे ६७० किलोमीटरांचा नळ वाटभर तापता ठेवावा लागतो.

२००९ साली उत्पादन सुरू झाले, आणि २०११ साली कंपनीने भारतीय शाखेचा ताबा अब्जावधी डॉलरांस वेदान्त समूहाला विकला. घेणारे अनिल अग्रवाल हे पाटण्याहून मुंबईस येऊन भंगाराच्या व्यापारातून वर आलेले. भरल्या विहिरीवरून उठणे कित्येकांस वेडेपणा वाटेल. आम्हांस ते धैर्य वाटते. ग्रीनलंडच्या समुद्रात मात्र त्याच कंपनीने २०१० व २०११ साली खोदलेल्या विहिरी निष्फळ ठरल्या. इकडे हाती राखलेला सुमारे १० टक्के हिस्सा २०१४ साली भारताच्या आयकर खात्याने जुन्या व्यवहारावरील कराच्या मागणीपोटी अडकवला. लवादाचा निकाल २०२० साली कंपनीच्या बाजूने लागला. पैसा हाती पडला तो २०२२ साली.